उबेच्या कपाटातल्या गोळ्या

सकाळपासून आभाळ कोंदून आलं होतं. वारा म्हणून नव्हता. दोरीवरचे कपडे काल संध्याकाळी टाकले तसेच ओलसर, जड होऊन लोंबत होते. मिठाच्या बरणीत रुतलेला चमचा निघेना आणि काडेपेटीतल्या तीन काड्या वाया गेल्यावर चौथी कशीबशी पेटली. असल्या हवेत बाकीचं जग गुडघे चोळत बसतं. गोळ्यांच्या कारखान्यात जन्म घालवलेला माणूस मात्र नाकानं हवा हुंगतो आणि मनात म्हणतो, आज पाऊण हिस्सा पाणीच आहे हिच्यात, आज गोळी मऊ पडणार.

तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आत्याची सात खणांची डबी भरत बसला होता. दर सोमवारचं हे काम. एवढ्या मोठ्या औषध कंपनीचा गुणवत्ता प्रमुख, दारात गाडी, हाताखाली दीडशे माणसं. पण आत्याच्या गोळ्या भरायचं काम त्यानं बायकोला दिलं नव्हतं, की पगारी बाईला दिलं नव्हतं. पांढरी गुडघ्याची, पिवळी पोटाची, गुलाबी रक्तदाबाची. एकेका खणात एकेक.

"आत्या, मागच्या चार खणांत गुलाबी गोळी तशीच आहे. चार दिवस दाबाची गोळी घेतलीच नाहीस?"

आत्या खिडकीशी बसून ओल्या मोज्याला कानाशी धरून पाहत होती. वाळलाय की नाही ते तिला म्हणे कानाला कळायचं. "घेतली की. रोज घेतली."

"मग या चार?"

"त्या तुझ्या परक्या कंपनीच्या. मी आपल्या घेतल्या. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईकडून चार उसन्या आणल्या. तिला तुझ्याच कंपनीची नवीन गोळी दिलीय डॉक्टरनं. पाकिटावर तुझ्या कंपनीचं नाव बघून मी म्हटलं, बाई, हे तर आमचंच दुकान!"

त्याच्या हातातली डबी कलंडली. गोळ्या टेबलावरून घरंगळत फरशीवर गेल्या.

"ती घेऊ नकोस," तो टेबलाखाली शिरून गोळ्या वेचत म्हणाला.

"का रे?"

"तुला सवय नाही तिची."

"सवय! तुझ्या बापाच्या घोरण्याची सुद्धा झाली होती मला. चार दिवसांत होते सवय." आत्यानं मोजा खाली ठेवला. "शिंपीणबाईचा दाब मात्र काही उतरत नाही म्हणते. डॉक्टरनं परवा एकाच्या दोन केल्या. डोकं गरगरतं, सुईत दोरा ओवता येत नाही बिचारीला. मी म्हटलं, तिला नसेल मानवत, मला मानवेल. घरचीच आहे."

तो टेबलाखालून बाहेर आलाच नाही. तिथं काही आता वेचायचं राहिलं नव्हतं.

"वर ये," आत्या म्हणाली. तो वर आला. तिनं त्याच्याकडे पाहिलं, लहानपणी दप्तर तपासताना पाहायची तसं. "एक सांग. तुझी कंपनी दाबाची गोळी करते. तुला ती फुकटात मिळते. तरी तू मला पैसे मोजून दुसऱ्याची आणतोस. वर्ष झालं, मी विचारलं नाही. पण आचारी आपल्या हातचं आपल्या घरात वाढत नसेल, तर पाहुण्यानं पानावर बसावं का?"

"उशीर होतोय," तो म्हणाला. चहा तसाच ठेवून बाहेर पडला.

*

त्याचं पद व्हिजिटिंग कार्डावर दोन ओळींत मावत नाही. पण जुनी माणसं त्याला बूच म्हणायची, तेव्हा आपणही बूचच म्हणू.

एकोणिसाव्या वर्षी तो या कारखान्यात बाटल्या धुवायला लागला. आई-बाप लवकर गेलेले. आत्या कारखान्याच्या कपडे धुण्याच्या खात्यात पांढऱ्या कोटांना इस्त्री करायची. तिनंच मुकादमाच्या हातापाया पडून भाच्याला चिकटवलं. अंगानं आखूड, गोलसर. कुठं कोणी गैरहजर असला की मुकादम ओरडायचा, "त्या पोराला लावा तिथं!" तो कुठंही लागायचा, कुठंही बसायचा. म्हणून बूच.

लॅबमध्ये तेव्हा एक तरुण केमिस्ट बाई होत्या. सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणत, कारण त्या कोणालाही, अगदी साहेबालाही, चुकलं की जागच्या जागी सांगत. बाकीचे केमिस्ट काचेची भांडी वापरून मोरीत टाकून जात आणि बूच ती धुवी. मास्तरीणबाई आपली भांडी आपण धूत. बूच पहिल्या दिवशी धावत गेला, "द्या बाई, मी धुतो."

"वापरलं कोणी?"

"तुम्ही."

"मग?"

एवढंच बोलणं. पण त्याच बाईंनी त्याला बाटलीवरची लेबलं वाचताना पाहिलं, संध्याकाळच्या कॉलेजात नाव घालायला लावलं, जेवणाच्या सुट्टीत रसायनशास्त्र शिकवलं. सहा वर्षांनी तो पदवी घेऊन त्याच लॅबमध्ये केमिस्ट झाला. पहिल्या दिवशी ऐटीत एक चाचणी केली आणि काचेचं पात्र मोरीत ठेवून निघून गेला. धुवायला आता दुसरं कोणी होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहतो तो, तेच खरकटं पात्र त्याच्या जेवणाच्या डब्याला टेकवून ठेवलेलं. पलीकडच्या बाकावर मास्तरीणबाई शांतपणे जेवत होत्या.

"पदवी मिळाली की हात झिजतात काय रे बूच?"

सगळी लॅब हसली. तोही हसला, आणि पात्र धुतलं. त्यानंतर पंचवीस वर्षं तो चढत गेला. बाई तिथंच राहिल्या. त्यांना वर चढायचं नव्हतं, चाचण्या करायच्या होत्या. उभ्या नोकरीत त्यांच्या नावावर एकही चूक नव्हती, आणि त्याचा त्यांना असा काही ताठा होता की नवीन पोरी म्हणत, बाईंच्या पाठीत मोजपट्टी शिवलीय.

*

ऑफिसात टेबलावर लिफाफा होता. आतला कागद त्याला ठाऊक होता; वर्षभर तो त्याचीच वाट पाहत होता, आणि वर्षभर तो येऊच नये असंही वाटत होतं.

तीन वर्षांपूर्वी तो गुणवत्ता प्रमुख झाला तेव्हा पगाराव्यतिरिक्त कंपनीनं त्याला आपले शेअर देऊ केले होते. हातात काही नाही, नुसतं पत्र. तेव्हा कंपनीच्या चिटणीसानं त्याला समजावून सांगितलं होतं, "हे बघा साहेब, आज तुम्हाला आम्ही गाय दिलेली नाही, गायीचं चित्र दिलंय. भिंतीला लावा. अटी पुऱ्या झाल्या की चित्रातली गाय खाली उतरेल. एकदम नाही, तीन वाट्यांत. आधी शिंगं, मग पुढचे पाय, मग उरलेली."

"आणि दूध?"

"दूध बाजाराच्या मर्जीवर!" चिटणीस आपल्याच विनोदावर पोट धरून हसला होता.

अट एकच मोठी होती. रक्तदाबाची नवी गोळी ठरल्या तारखेच्या आत बाजारात गेली पाहिजे. ती गेली. पहिला वाटा मिळाला. तो विकून त्यानं लिफ्ट असलेल्या इमारतीत घर घेतलं, कारण आत्याला जिना चढवत नव्हता. आता दुसरा वाटा, पहिल्याच्या दुप्पट.

दहाच्या सुमाराला चिटणीस स्वतःच आत आला. हातात पेन, तोंडावर लग्नघरच्या माणसासारखं हसू.

"अभिनंदन साहेब! गाय जवळजवळ अंगणात आली. फक्त खाली एक सही. नेहमीचंच आहे, की तुमच्या माहितीप्रमाणे औषधांच्या दर्जाची कोणतीही बाब तुम्ही दडवून ठेवलेली नाही. पाचच्या आत द्या म्हणजे आजच्या आज नावावर चढवतो."

"आणि समजा पुढं काही निघालं तर?"

"निघतंय कशाला? पण निघालं, तर दिलेलं सगळं परत घ्यायची अट आहे. शिंगांसकट." तो डोळा मिचकावून म्हणाला, "तुमच्यासारख्या माणसाला ती अट कशाला वाचायची? तुम्ही म्हणजे कंपनीचा धुतला तांदूळ."

चिटणीस गेला. बूच कागदाकडे पाहत बसला. पेनाचं टोपण त्यानं काढलं, लावलं, पुन्हा काढलं. खिडकीच्या काचेला आतून वाफ धरली होती.

*

बरोबर एक वर्षापूर्वीची गोष्ट. ती समजायला लॅबमधली दोन कपाटं समजायला हवीत.

गोळी तयार झाली की तिच्या काही पट्ट्या वर्षानुवर्षं राखून ठेवतात. त्यातल्या काही नमुन्यांच्या खोलीत, जिथं हवा बारमाही गार आणि कोरडी. ते गार कपाट. पुढं कधी तक्रार आली तर ताडून बघायला. आणि काही पट्ट्या ठेवतात उबेच्या कपाटात. त्यात मुद्दाम गरम, दमट हवा खेळवलेली असते. म्हणजे चुलीशेजारच्या फळीवर, पत्र्याच्या खोलीत, माणसाच्या खिशात गोळी जशी राहील तशीच ती तिथं राहते. बाजारात गोळी दोन वर्षं टिकेल असं लिहायचं तर उबेच्या कपाटातली गोळी टिकली पाहिजे. गार कपाटात काय, काहीही टिकतं.

नवी गोळी उबेच्या कपाटात वर्षभर राहिली तेव्हा मास्तरीणबाईंनी तिची चाचणी घेतली. सहा काचेची पात्रं, त्यात अंगाइतकं कोमट पाणी, प्रत्येकात एक गोळी, वरून फिरणारी पाती. अर्ध्या तासात दहातले आठ हिस्से तरी विरघळली पाहिजे. सहापैकी चार गोळ्या सहा हिस्स्यांवरच अडल्या. बुडाशी खड्यासारख्या पडून राहिल्या.

बाई निकाल घेऊन त्याच्याकडे आल्या. "बूच, ही गोळी दमट हवेत घट्ट होते. पोटात जाईल आणि तशीच बाहेर येईल. थांबव."

थांबवायची म्हणजे तारीख चुकणार. मोठे साहेब दिवसातून दोनदा विचारत होते. त्यानं बाईंना सांगितलं, बघतो. आणि दार लावून चौकशीचा कागद लिहिला: चाचणीच्या पाण्यातली हवा आधी नीट काढली गेली नसावी, बुडबुडे गोळीला चिकटले असावेत, त्यामुळे निकाल ग्राह्य नाही. अशी चूक लॅबमध्ये होते, सगळ्यांना माहीत आहे. नवख्यांच्या हातून होते. बाईंच्या हातून होणार नाही हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. म्हणून त्यानं "असावी", "असावेत" लिहिलं. खोटं बोलणाऱ्या सज्जन माणसाला या क्रियापदाचा केवढा आधार असतो.

मग फेरचाचणी. त्यासाठी त्यानं स्वतः दोन पट्ट्या काढून दुसऱ्या एका केमिस्टला दिल्या. बॅच तीच, नंबर तोच. फक्त कपाट दुसरं. गार.

गोळ्या भराभर विरघळल्या.

वरून आलेल्या पत्रात "असावी"चं "झाली" झालं होतं. नियमाप्रमाणे चूक करणाऱ्याला फेरप्रशिक्षण होईपर्यंत चाचणी करता येत नाही. मास्तरीणबाईंना नमुन्यांच्या खोलीत बसवलं, पट्ट्या मोजायला आणि वही सांभाळायला. फेरप्रशिक्षण काही झालं नाही. त्यांना पेन्शनीला आता चार महिने उरले होते.

आणि इथंच बूचनं असा घोळ घातला की जो बाहेरचा कोणी घालणार नाही. बाईंना कुठंतरी बसवायचं म्हणून त्यानं घाईनं जी खोली दिली, त्याच खोलीत ती वही होती. गार कपाटातून कोणती पट्टी, कोणत्या दिवशी, कशासाठी, कोणी काढली, खाली सही. त्यानं चोराला कोतवाल केलं असतं तर एक वेळ चाललं असतं. त्यानं कोतवालाच्याच हातात आपली सही दिली होती.

वर्षभर तो त्या खोलीत गेला नाही. वर्षभर बाई एक अक्षर बोलल्या नाहीत. जिन्यात भेटल्या तर बाजूला होऊन म्हणत, "या साहेब."

तीस वर्षांत त्यांनी त्याला कधी साहेब म्हटलं नव्हतं.

*

अकरा वाजता तो जिना उतरून खाली गेला. कशासाठी, ते त्याला नीट सांगता आलं नसतं. माफी मागायला, असं तो मनाशी म्हणत होता. वहीचं पान अजून आहे का ते पाहायला, असं त्याचे पाय म्हणत होते.

नमुन्यांच्या खोलीत गार वाटलं. बाई स्टुलावर बसून पट्ट्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या. केस आता सगळे पांढरे. त्या उठून उभ्या राहिल्या.

"या साहेब."

"बसा बाई. मला जरा वही बघायची होती. गेल्या वर्षीची."

त्यांनी कोणती, कशाला, काही विचारलं नाही. मागच्या फळीवरची वही काढून त्याच्यासमोर ठेवली. पान शोधावं लागलं नाही; वही आपोआपच तिथं उघडली. "मी पाणी पिऊन येते," त्या म्हणाल्या, आणि दार ओढून घेऊन गेल्या.

खोलीत तो आणि ती वही. पान एका टाक्यावर लोंबत होतं. ओढलं असतं तर आवाजही झाला नसता. नवी गोळी, बॅच नंबर, दोन पट्ट्या, कारण फेरचाचणी, आणि खाली त्याची ठसठशीत सही. सही कालच केल्यासारखी. आजूबाजूच्या पानांवर हाताळणाऱ्यांच्या घामट बोटांनी शाई पसरली होती, अक्षरांना मिशा फुटल्या होत्या. या पानावर मात्र दोन्हीकडून पातळ तेलकट कागद लावला होता, काठाला चिकटपट्टी मारून.

बाई परत आल्या तेव्हा तो तसाच उभा होता.

"हा कागद तुम्ही लावलात?"

"हो."

"का?"

"शाई पसरते ना साहेब. सही कुणाची ते पुढं कळायला नको?"

"बाई, तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"दुसऱ्या. पहिल्या दिवशी मी रडत होते."

त्याला वाटलं जमीन दुभंगावी. ती काही दुभंगली नाही. पक्क्या सिमेंटची होती. "मग बोलला का नाहीत? वर जायचं होतं. मोठ्या साहेबांकडे. सरकारकडे."

"मी?" बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. "मला खूप वाटलं जावं. दोनदा अर्ज लिहिला, दोनदा फाडला. मला वाटायचं, आज येईल, उद्या येईल. आपल्या हातचं पोर आहे, आपलं आपण निस्तरेल. आता तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, ती माझी चूक झाली. वर्षभर लोक ती गोळी गिळतायत. नोकरीतली माझी पहिली चूक तुम्ही लिहिलीत ती नव्हे. ही."

तो मटकन समोरच्या खोक्यावर बसला. गार हवा सोडणारं यंत्र तेवढं घरघरत होतं.

"आज तिला दोन वर्षं होतायत," तो शेवटी म्हणाला. "उबेच्या कपाटातून काढून आज चाचणी लावायचीच आहे. मी स्वतः लावतो. तुमच्यासमोर. काय निकाल येईल त्यावर मग..."

"त्यावर मग काय?" बाईंचा आवाज एकदम जुना झाला, जेवणाच्या सुट्टीतला. "विरघळली तर गप्प, आणि नाही विरघळली तर हरिश्चंद्र? सगळं त्या मुक्या गोळीवर ढकलतोस होय रे, बूच?"

ते नाव ऐकून त्यानं मान वर केली. वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी त्याला हाक मारली होती.

"आधी लिही. मग चाचणी लाव."

कागद बाईंनीच दिला. तो खोक्यावर बसून मांडीवर लिहू लागला. अमुक तारखेचा निकाल फेटाळताना माझ्याकडून नजरचुकीने गार कपाटातील नमुने... बाई मागं उभ्या राहून वाचत होत्या.

"नजरचूक?" त्या म्हणाल्या. "नजर चांगली होती की तुझी. गार कपाट बरोबर सापडलं."

त्यानं ओळ खोडली. नवा कागद घेतला. या खेपेला "असावे" नव्हतं, "नजरचूक" नव्हती. मी जाणूनबुजून दुसऱ्या कपाटातले नमुने दिले. चाचणी करणाऱ्या बाईंची काहीही चूक नव्हती. बाजारातली गोळी ताबडतोब परत मागवावी. नव्या गोळीवर मिळालेले आणि मिळणारे शेअर कंपनीनं अटीप्रमाणे परत घ्यावेत. एवढ्या चार ओळी लिहायला त्याला पाऊण तास लागला, आणि संपल्यावर हाताला घाम येऊन कागद ओला झाला. बाईंनी तो उचलून वहीच्या पानासारखाच तेलकट कागदात घातला.

त्याची प्रत त्यानं मोठ्या साहेबांकडे पाठवली, एक औषध खात्याच्या अधिकाऱ्याकडे, आणि एक चिटणीसाकडे, त्या सही न केलेल्या कागदाला टाचून. पाचव्या मिनिटाला फोन वाजला. चिटणीसाच्या आवाजातलं लग्नघर उठलं होतं.

"साहेब, हे काय? तुम्हाला बरं नाही का? पाच वाजायला अजून अवकाश आहे, मी हा कागद पाहिलाच नाही असं समजतो. जरा पाणी प्या, पडा थोडा वेळ..."

"अधिकाऱ्याकडे गेलाय तो."

मग चिटणीस हलक्या आवाजात म्हणाला, "राहतं घर शेअर विकून घेतलंत ना हो? आत्याबाईंसाठी?"

"हो."

"त्यांना जिना चढता येतो?"

"नाही," तो म्हणाला. फोन ठेवला. हे त्यानं लिहिताना धरलंच नव्हतं असं नाही. धरलं होतं, म्हणूनच पाऊण तास लागला होता.

मग त्यानं घरी फोन लावला.

"आत्या, खाली जा. शिंपीणबाईला सांग, आजच्या आज डॉक्टरकडे जायचं. आपल्या मनानं गोळी बंद करायची नाही, दुसरी लिहून घ्यायची. तिच्यासोबत तूच जा. तुझाही दाब मोजून घे."

"जाते. पण तिनं विचारलं, कोण सांगतंय, तर?"

"सांग, माझा भाचा सांगतो म्हणून. गोळी खराब आहे आणि त्याला माहीत होतं."

मागं नळाचं थेंबथेंब पाणी ऐकू येत होतं. तिनं कोटांना इस्त्री केली होती, त्या पांढऱ्या कोटांतल्या माणसांच्या पाया पडली होती, त्या कोटात भाचा दिसावा म्हणून.

"वर्षभर माहीत होतं?" तिनं विचारलं.

"हो."

"घरही त्याच्यातलंच?"

"हो."

"हूं," आत्या म्हणाली. "मला वाटलंच, लिफ्टमध्ये शिरलं की माझ्या पोटात खड्डा का पडतो." ती हसली नाही. तोही हसला नाही. "मी जाते खाली. पण शिंपीणबाईला काही झालं ना, तर तिच्या दाराशी तू जायचंस. मी नाही."

"मी जाईन."

"आणि चहा तसाच टाकून गेलास. साय धरली त्यावर."

*

दीड वाजता लॅबमधली पोरं जेवायला गेली होती. वर मोठ्या साहेबांच्या खोलीत बैठक बसली होती आणि अडीचला त्यालाही बोलावलं होतं. तिथून तो कुठल्या पदाचा बाहेर पडेल, किंवा पडेल की नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. अजून तासभर मात्र तो गुणवत्ता प्रमुख होता. त्या अधिकारात त्यानं एकच सही केली: मास्तरीणबाईंना आजपासून चाचणी करण्यास मोकळीक. ती सही करताना त्याला बरं वाटलं नाही. सांडलेलं पाणी फडक्यानं टिपल्यासारखं वाटलं; फरशी कोरडी झाली, पाणी काही भांड्यात परत गेलं नाही.

बाईंनी आपला जुना पांढरा कोट कुठून तरी काढला होता. खांद्याला आता सैल होत होता. त्यांनी उबेच्या कपाटाचं दार उघडलं तशी दमट, गरम वाफ तोंडावर आली, बाहेरच्या हवेसारखीच. त्यांनी एक पट्टी काढली, तारीख वाचली, त्यालाही वाचायला लावली. मग पंपाला फ्लास्क जोडून चाचणीच्या पाण्यातली हवा काढायला लागल्या. पाण्यातून बारीक बुडबुडे वर येऊन फुटत राहिले. वेळ त्यांनी त्याला त्याच्या घड्याळावर धरायला सांगितली.

"किती झाली?"

"सात मिनिटं."

"दहा करू. उगाच कोणी म्हणायला नको."

त्यानं मान खाली घातली. ते वाक्य त्याच्याच वाट्याचं होतं आणि अजून अशी बरीच येणार होती.

"नुसता उभा काय राहिलास?" बाई पंपावरची नजर न काढता म्हणाल्या. "पात्रं कुठायत?"

सहाही पात्रं मोरीत पडली होती, काल कोणीतरी वापरून तशीच टाकलेली. कोणी, ते विचारायची ही वेळ नव्हती. त्यानं मनगटावरचं घड्याळ काढून बाईंजवळ ठेवलं, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या, नळ सोडला आणि ब्रश घेऊन पहिल्या पात्राचा गोल तळ घासायला घेतला.